तुर्कांनी वाट अडवलीच नव्हती!

मित्रांनो, सुरुवातीलाच कबूल करतो, हा लेख म्हणजे एक माफीनामा आहे. हॉस्टेल डेच्या क्विझची फायनल तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी कॉमन रूममध्ये दाटीवाटीनं उभं राहून पाहिली असेल. ए ब्लॉक विरुद्ध सी ब्लॉक. माईक माझ्या हातात, प्रश्नांची कार्डं माझ्या हातात, म्हणजे त्या रात्रीपुरता मीच सुप्रीम कोर्ट! शेवटून तिसरा प्रश्न मी वाचला, 'पंधराव्या शतकात युरोपियन लोकांनी नवे सागरी मार्ग का शोधायला सुरुवात केली?' ए ब्लॉकनं बझर दाबला. सेकंड इयर इलेक्ट्रिकलचा एक बारकासा मुलगा उठला आणि म्हणाला, "आफ्रिकेतलं सोनं." मी म्हणालो, चूक. कार्डावर उत्तर होतं, '१४५३ साली तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकून व्यापाराचा मार्ग बंद केला म्हणून.' सी ब्लॉकनं ते घडाघडा सांगितलं. पाठच होतं त्यांना. मलाही होतं, तुम्हालाही असेल.

तो मुलगा खाली बसेना. म्हणाला, "पण दादा, मिरी तर इजिप्तमधून जायची ना? इजिप्त तेव्हा कुठं तुर्कांकडं होता?" मी काय उत्तर द्यावं? मला उत्तर येतच नव्हतं. मग ज्याला उत्तर येत नाही तो जे म्हणतो तेच मी म्हणालो, "क्विझमास्तरचा निर्णय अंतिम राहील." टाळ्या, शिट्ट्या. ए ब्लॉक पाच गुणांनी हरला आणि शील्ड सी ब्लॉकच्या टीव्हीवर जाऊन बसली.

त्याचा प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून जाईना. आपल्या लायब्ररीत इतिहासाचं एकच कपाट आहे, तेही थर्मोडायनॅमिक्सच्या मागं, त्यामुळं बरंचसं वाचन कॉम्प्युटरवर करावं लागलं. पीएलमध्ये मशीन डिझाईन सोडून मी हे उद्योग करत होतो हे रूम पार्टनरच्या तोंडून सगळ्यांना कळलं आहेच. तर आता ऐका.

पहिली गोष्ट म्हणजे इजिप्त. मलबारची मिरी जहाजातून तांबड्या समुद्रात जायची, तिथून कैरो, तिथून अलेक्झांड्रिया, आणि अलेक्झांड्रियाला व्हेनिसचे व्यापारी ती विकत घ्यायचे. दुसरी वाट सीरियातून बैरुतला. हे सगळे प्रांत ममलुक सुलतानांच्या ताब्यात होते. ओटोमन तुर्कांनी ते जिंकले १५१६-१७ मध्ये. वास्को द गामा कालिकतला पोचला १४९८ मध्ये. म्हणजे ज्या अडवणुकीमुळं तो निघाला असं आपण शिकलो, ती अडवणूक ज्यांनी करायची ते लोक तो पोचल्यावर एकोणीस वर्षांनी कैरोत आले! बरं, कॉन्स्टँटिनोपलचं म्हणाल तर ते पडल्यावर वर्षभरात, १४५४ मध्ये, व्हेनिसनं सुलतानाशी तह करून तिथं व्यापाराची परवानगी मिळवली. मेहमेद सुलतानाला जकात हवी होती, बंद दुकान नको होतं. लिबियर नावाच्या अमेरिकन इतिहासकारानं १९१५ सालीच हे सगळं मांडून ठेवलं आहे. शंभर वर्षं उलटून गेली, आणि आमचं कार्ड अजून तेच.

मिरी महाग होती हे खरं. पण ती महाग करणारे दोघे होते, ममलुक सुलतानाचे कर आणि व्हेनिसची मक्तेदारी. त्या दोघांना वगळून माल आणावा असं इतर युरोपियनांना वाटणं साहजिक होतं. 'वाट बंद झाली' हे एक आणि 'वाटेवरचा दलाल नको' हे दुसरं. पहिल्यात नाइलाज आहे, दुसऱ्यात धंदा आहे. (जाता जाता, सडकं मांस खपवण्यासाठी मिरी लागायची ही गोष्टही विसरा. ज्याला मिरी परवडत होती त्याला ताजं मांस सहज परवडत होतं.)

आता साध्या वजाबाकीकडं या. पोर्तुगीजांनी समुद्रापलीकडं पहिला हात मारला तो १४१५ मध्ये. राजा पहिला जॉन आपल्या तीन मुलांना घेऊन निघाला आणि ऑगस्टमध्ये मोरोक्कोच्या किनाऱ्यावरचं सेउता हे बंदर त्यानं जिंकलं. १४५३ वजा १४१५ म्हणजे अडतीस वर्षं. कारणाच्या अडतीस वर्षं आधी परिणाम! हे आपण कंट्रोल सिस्टिम्सच्या ओरलला सांगितलं असतं तर एक्स्टर्नलनी हाकलून दिलं असतं.

सेउताला काय होतं? सहारा ओलांडून येणारे उंटांचे तांडे तिथं सोनं आणायचे. पश्चिम आफ्रिकेतलं सोनं. पोर्तुगालकडं स्वतःची सोन्याची नाणी पाडायला सोनं नव्हतं. शिवाय राजपुत्रांना लढाईत नाव कमवायचं होतं, आणि मुसलमानांविरुद्धची लढाई म्हणजे पुण्यकर्म, त्यामुळं पोपचा आशीर्वादही होता. झालं असं की बंदर हाती आलं आणि तांडे दुसऱ्या गावांकडं वळले. मिळालं काय, तर रिकामा बाजार आणि सांभाळायला एक महागडा किल्ला. मग प्रश्न आला, तांडे जिथून येतात तिथंच समुद्रमार्गे खाली जाता येईल का? त्या तीन मुलांपैकी एकाचं नाव हेन्री. आपल्या पुस्तकात 'हेन्री द नॅव्हिगेटर' म्हणून असतो तो. त्यानं स्वतः मोरोक्कोपलीकडं कधी जहाज हाकलं नाही. नॅव्हिगेटर ही पदवी त्याला एकोणिसाव्या शतकातल्या लेखकांनी चिकटवली.

या हेन्रीच्या हेतूंची चक्क यादी उपलब्ध आहे. झुरारा नावाच्या दरबारी बखरकारानं गिनीच्या मोहिमांची बखर लिहिली, १४५३ च्या सुमारासच. त्यात तो हेन्रीची पाच कारणं देतो. केप बोजादोरच्या पलीकडं काय आहे हे जाणून घ्यावं. तिकडं ख्रिस्ती लोक असतील तर त्यांच्याशी व्यापार करावा. मुसलमानांची सत्ता कुठपर्यंत पसरली आहे ते पाहावं. मदतीला येईल असा एखादा ख्रिस्ती राजा शोधावा. धर्माचा प्रसार करावा. आणि एवढं सांगून झाल्यावर झुरारा म्हणतो की खरं मूळ कारण सहावंच, हेन्रीची पत्रिका! मंगळ शनीच्या घरात अशा रीतीनं होता की या माणसाच्या हातून मोठे पराक्रम आणि गुप्त गोष्टींचा शोध होणारच होता. हे वाचून मी मोठ्यानं हसलो तेव्हा शेजारी मेकॅनिकलचे एक सर बसले होते, त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

हसून झाल्यावर यादी पुन्हा वाचली. हिंदुस्थान त्यात नाही. मिरी नाही. तुर्क नाहीत. आणि सोनं हा शब्दही नाही! ज्या सोन्यासाठी एवढा खटाटोप, तेच गायब. असं का? तर ही यादी राजघराण्याच्या पदरी असलेल्या माणसानं, राजघराण्यानं वाचावी म्हणून लिहिली. आपल्यातले जे लोक सध्या एमएससाठी एसओपी लिहीत आहेत त्यांना हा प्रकार नीट समजेल. कॅम्पस इंटरव्ह्यूत 'आमच्या कंपनीतच का यायचंय?' असं विचारल्यावर 'पॅकेजसाठी' असं आजवर एकानं तरी सांगितलंय का? एसओपी खोटी असते असं नाही. फक्त ती कुणी मागितली आहे ते पाहून लिहिलेली असते. म्हणून मी ठरवलं, यादी बाजूला ठेवायची आणि हिशेबाच्या वह्या, करार बघायचे.

तिथं पहिलं सापडलं ते वाचवत नाही. ८ ऑगस्ट १४४४. पोर्तुगालच्या दक्षिण टोकाला लागोस नावाचं बंदर. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून धरून आणलेली २३५ माणसं पहाटे जहाजांवरून उतरवली गेली. गावाबाहेरच्या मैदानात त्यांचे पाच वाटे केले गेले. वाटे सारखे व्हावेत म्हणून बाप एका वाट्यात, मुलगा दुसऱ्यात, बायको तिसऱ्यात. आया मुलांना पोटाशी धरून जमिनीवर पालथ्या पडत होत्या. हेन्री घोड्यावर बसून पाहत होता. त्याचा पाचवा हिस्सा म्हणजे ४६ माणसं झाली, ती त्यानं लगेच आपल्या लोकांत वाटूनही टाकली. हे कुणी शत्रूनं लिहिलेलं नाही. त्याच झुरारानं लिहिलं आहे, आणि ते लिहिताना आपल्याला रडू आलं असंही तो सांगतो. आणि लगेच पुढं म्हणतो की यांचे आत्मे तरी वाचले.

इथं मी बराच वेळ थांबलो. आपल्याकडं कोचिंग क्लासमध्ये या विषयाला 'थ्री-जी' म्हणतात, गॉड, गोल्ड, ग्लोरी. एमपीएससीवाल्यांना माहीत असेल. आणि त्यावर दोन ठरलेली मतं असतात. एक मत म्हणतं, धर्म हा नुसता मुखवटा, खरं सगळं पैशासाठी. दुसरं म्हणतं, नाही हो, त्या काळची माणसं खरंच भाविक होती. मला दोन्ही पटत नाहीत, कारण दोन्हींत असं गृहीत धरलेलं आहे की धर्म आणि पैसा एकमेकांना ओढत होते. लागोसच्या मैदानात ओढाताण कुठंच दिसत नाही. हेन्री ऑर्डर ऑफ क्राइस्ट या धार्मिक लष्करी पंथाचा प्रमुख होता आणि मोहिमांचा खर्च त्या पंथाच्या उत्पन्नातून होत होता. पोपनं १४५२ आणि १४५५ मध्ये फर्मानं काढून मुसलमान आणि इतर परधर्मीयांना गुलाम करायची मोकळीक पोर्तुगालच्या राजाला दिली. झुराराचे अश्रू खरे होते असं मला वाटतं. हिशेबही खरा होता. दोन्ही एकाच पानावर गुण्यागोविंदानं राहत होते, आणि मला भीती वाटली ती याचीच. ढोंगी माणूस निदान कधीतरी पकडला जातो.

सोनं पुढं मिळालंच. १४५७ मध्ये पोर्तुगालनं आफ्रिकेच्या सोन्याचं नाणं पाडलं, त्याचं नाव 'क्रुझादो', म्हणजे क्रुसेडचं नाणं. नाव धर्माचं, धातू गिनीचा. आणि १४६९ मधला करार तर आपल्या सिव्हिलच्या पोरांनी मुद्दाम वाचावा. राजानं फर्नांव गोमेस या लिस्बनच्या व्यापाऱ्याला गिनीच्या व्यापाराचा ठेका दिला. पाच वर्षं, दरवर्षी २ लाख रेआल राजाला द्यायचे, आणि अट अशी की दरवर्षी किनाऱ्याचे १०० लीग नवे शोधायचे! शंभर लीग म्हणजे साडेपाचशे-सहाशे किलोमीटर. म्हणजे शोधमोहीम चक्क टेंडर काढून दिली होती, बीओटी तत्त्वावर. रस्ता बांधा, टोल तुमचा. गोमेसची जहाजं १४७१ मध्ये सोन्याच्या किनाऱ्यावर पोचली आणि ठेका संपेपर्यंत विषुववृत्त ओलांडून गेली. ज्ञानाची तहान वगैरे ठीक आहे, पण वर्षाला शंभर लीग ही तहान नसते, ते टार्गेट असतं.

हिंदुस्थान हा उद्देश ठळकपणे दिसू लागतो तो यानंतर, १४८० च्या दशकात, दुसऱ्या जॉनच्या कारकिर्दीत. तोवर आफ्रिकेवर बसलेली घडी चांगली चालली होती, पैसा येत होता, आणि एवढं खाली गेलोच आहोत तर वळसा घालून पुढं जाता येईल का, असा विचार सुरू झाला. १४८७ मध्ये त्यानं दोन्हीकडून माणसं सोडली. समुद्रानं बार्तोलोम्यू दियाश, तो आफ्रिकेचं टोक वळसा घालून आला. आणि जमिनीवरून पेरो दा कोविल्हा, अरबी बोलणारा हेर. हा कोविल्हा कैरो, एडन करत कालिकतला, गोव्याला येऊन गेला. गामाच्या आधी दहा वर्षं! त्याला दोन कामं होती. मसाल्यांची माहिती काढायची आणि 'प्रेस्टर जॉन' नावाचा पूर्वेकडचा दंतकथेतला ख्रिस्ती राजा शोधायचा. तो शोधत शोधत इथिओपियात गेला. तिथला राजा ख्रिस्ती होता खरा, पण त्यानं कोविल्हाला परत जाऊच दिलं नाही. बायको, जमीन, मानमरातब दिला आणि ठेवून घेतलं. हेतू सफल झाला आणि माणूस अडकला.

आता कोलंबस. याच्यावर खरं तर स्वतंत्र लेख हवा, कारण तो आपल्या जातकुळीचा आहे. त्यानं जर्नलमधली रीडिंगं पाडली होती!

फिजिक्सच्या लॅबमध्ये आपण काय करतो? ९.८ हे उत्तर आधी लिहितो आणि मग ते येईल अशी रीडिंगं बनवतो. कोलंबसला उत्तर आधीच माहीत होतं, की पश्चिमेकडून आशिया जवळ आहे. पृथ्वी गोल आहे यावर कुणाचाच वाद नव्हता. सपाट पृथ्वीचा किस्सा अमेरिकन लेखक वॉशिंग्टन आयर्व्हिंगनं १८२८ च्या कोलंबसचरित्रातून लोकप्रिय केला. वाद होता तो मापाचा. अल-फरगानी या खगोलशास्त्रज्ञानं एका अंशाची लांबी ५६ पूर्णांक दोन तृतीयांश मैल दिली होती. ते अरबी मैल होते. कोलंबसनं ते इटालियन मैल धरले, जे बरेच लहान, सुमारे १४८० मीटरचे. करा गुणाकार. ३६० अंशांचे २०,४०० मैल, म्हणजे साधारण ३०,२०० किलोमीटर. खरा परिघ ४०,००० किलोमीटर. एका झटक्यात पाव पृथ्वी गायब! युनिट न लिहिल्याबद्दल आपला एक मार्क जातो. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बायटर १९९९ मध्ये पौंड आणि न्यूटनच्या घोळात गेलं. याचं अख्खं जग लहान झालं.

एवढ्यावर थांबला नाही. आशिया पूर्वेकडं किती पसरला आहे याचे जुने अंदाज दोन होते, टॉलेमीचे १८० अंश आणि मरिनसचे २२५. यानं मोठा घेतला, म्हणजे मधला समुद्र आणखी आटला. त्यात मार्को पोलोच्या सांगण्यावरून जपान चीनपासून १५०० मैल पुढं सरकवला. शेवटी कॅनरी बेटांपासून जपान सुमारे २,४०० सागरी मैल असं उत्तर निघालं. खरं अंतर साडेदहा हजारांच्या घरात आहे. प्रत्येक ठिकाणी दोन आकड्यांतून एक निवडायचा होता, आणि प्रत्येक वेळी सोयीचाच निवडला गेला. एक चूक अनवधानानं होते. चार चुका एकाच दिशेनं झाल्या की हेतू दिसायला लागतो.

पोर्तुगालच्या तज्ज्ञांनी त्याचा प्रस्ताव फेटाळला, स्पेनच्या समितीनंही १४९० मध्ये नकार दिला. आपल्या गोष्टींमध्ये हे लोक मठ्ठ असतात आणि कोलंबस द्रष्टा. वस्तुस्थिती अशी की समितीचं गणित बरोबर होतं. मध्ये अमेरिका आडवी आली नसती तर तीन जहाजांवरची माणसं अन्नपाण्यावाचून मेली असती.

मग त्याला पैसे का मिळाले? जानेवारी १४९२ मध्ये ग्रॅनडा पडलं, राणीचे हात मोकळे झाले, आणि पोर्तुगाल आफ्रिकेतून कमावतोय हे दिसतच होतं. खर्चाच्या मानानं डाव मोठा होता. राणीनं दागिने गहाण ठेवले ही कहाणीच आहे. पैशाची जुळवाजुळव लुइस दे सांतान्खेल या दरबारी अधिकाऱ्यानं केली, आणि दोन जहाजं पालोस गावाला जुन्या गुन्ह्याचा दंड म्हणून द्यावी लागली. १७ एप्रिल १४९२ चा करार वाचा. कोलंबसला काय हवं होतं? महासागराचा ॲडमिरल ही पदवी, वंशपरंपरेनं. सापडेल त्या भूमीचं व्हाइसरॉयपद. आणि तिथून मिळेल त्या सोनं, मोती, मसाले, सगळ्याचा दहावा हिस्सा. विणकराच्या मुलाला खानदान उभं करायचं होतं. त्याच माणसानं त्याच वर्षी २६ डिसेंबरला रोजनिशीत लिहिलं की या मोहिमेचा सगळा नफा जेरुसलेम जिंकण्यासाठी वापरावा. तेही खरंच होतं त्याच्यासाठी. आणि पहिल्यांदा जमीन पाहणाऱ्याला वर्षाला १०,००० मारावेदी पेन्शन जाहीर झालं होतं. १२ ऑक्टोबरच्या पहाटे रोद्रिगो दे त्रियाना म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खलाशानं जमीन पाहिली. कोलंबस म्हणाला, मला आदल्या रात्रीच दिवा दिसला होता. पेन्शन त्यानं स्वतः घेतलं! जगाच्या दहाव्या हिश्श्याचा करार खिशात असलेला माणूस, आणि खलाशाचे दहा हजार सुटेनात. हेतूबद्दल शंभर पानांत कळत नाही ते या एका गोष्टीत मला कळलं.

गामाकडं येतो. ८ जुलै १४९७ ला लिस्बनहून चार जहाजं निघाली. २० मे १४९८ ला कालिकत. पहिल्यांदा किनाऱ्यावर पाठवला तो एक शिक्षा झालेला कैदी, कारण मेला तर मेला. त्याला तिथं भेटले दोन ट्युनिसचे मुसलमान, स्पॅनिश बोलणारे. इथं कशाला तडमडलात अशा अर्थाचं काहीतरी त्यांनी विचारलं, आणि उत्तर मिळालं की ख्रिस्ती लोक आणि मसाले शोधायला. दोनच शब्द, पण एसओपीपेक्षा प्रामाणिक. ख्रिस्ती शोधायची इतकी घाई होती की यांनी कालिकतच्या देवळाला चर्च समजून गुडघे टेकले. भिंतीवरच्या संतांना चार-पाच हात आहेत हे रोजनिशी लिहिणाऱ्यानं नोंदवलं, तरी संशय आला नाही. कोलंबससारखंच, उत्तर आधी ठरलेलं.

सामोरीसाठी नजराणा काय होता? पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचे बारा तागे, चार लाल टोप, सहा हॅट, पोवळ्याच्या चार माळा, सहा हात धुण्याची भांडी, साखरेची एक पेटी, तेल आणि मध. राजाची माणसं हसायला लागली. मक्केहून येणारा गरिबातला गरीब व्यापारीही यापेक्षा जास्त देतो, असं त्यांनी सुनावलं. याच बंदरात काही दशकांपूर्वी चिनी दर्यावर्दी झेंग हचा ताफा येऊन गेला होता, पहिल्या खेपेला तीनशेच्या वर जहाजं आणि सत्तावीस हजार माणसं. १४३३ नंतर चीननं ते सगळं थांबवलं, कारण त्यातून कमवायची गरज दरबाराला वाटली नाही. चार जहाजंवाले मात्र चिकटून राहिले. परतताना पावसाळी वाऱ्यांचं वेळापत्रक न जुमानता निघाले. जी अरबी समुद्राची वाट येताना तेवीस दिवसांत कापली तिला जवळजवळ तीन महिने लागले, हिरड्या सुजून सुजून माणसं मेली. कोकणातल्या कुठल्याही तांडेलानं सांगितलं असतं, बाबांनो, थोडे थांबा. निघालेल्यांपैकी निम्म्याहून कमी परत पोचले. तरी राजा मान्युएलनं स्वतःला इथिओपिया, अरबस्तान, इराण आणि हिंदुस्थान यांच्या 'विजयाचा, नौकानयनाचा आणि व्यापाराचा' स्वामी म्हणवून घेतलं. शब्दांचा क्रम बघा.

साध्या खलाशाचं काय? त्याला ना जेरुसलेम ना व्हाइसरॉयपद. पुढं हिंदुस्थानच्या फेऱ्यांवर खलाशांना पगाराबरोबर स्वतःचा थोडा माल आणायची मुभा असायची. एका पेटीभर मिरीसाठी माणूस दीड-दोन वर्षं मरणाशी खेळायला तयार व्हायचा, यावरून तिकडं घरी काय परिस्थिती असेल ते समजा.

आता कुणी म्हणेल, एका क्विझच्या उत्तरावरून एवढं कशाला? त्याचं कारण सांगतो. '१४५३ मुळं' हे उत्तर आपल्याला आवडतं, कारण त्यात सगळ्यांचीच सोय आहे. युरोपियनांची सोय ही की त्यांनी सगळं नाइलाजानं केलं, वाट बंद झाली म्हणून. आणि आपली सोय ही की सगळं जग आपल्याकडं यायला धडपडत होतं, आपली मिरी, आपला सोन्याचा धूर! त्या उत्तरात लागोसचं मैदान कुठंच येत नाही. ती २३५ माणसं आपल्या गोष्टीत बसत नाहीत, कारण गोष्ट आपल्याबद्दल असायला हवी. मीही इतकी वर्षं त्याच अभिमानानं ते उत्तर देत होतो.

क्विझनंतर महिनाभरानं मी त्या मुलाला मेसमध्ये गाठलं. तो रेवदंड्याचा निघाला. पोर्तुगीजांच्या चौलच्या तटाखाली क्रिकेट खेळत मोठा झालेला. खाडीपलीकडं कोर्लई गावात आजही पोर्तुगीजमधून आलेली बोली बोलतात, तिथले मित्र त्याच्या शाळेत होते. "आम्हाला लहानपणापासून प्रश्न पडायचा, हे इतक्या लांबून आले कशाला?" म्हणाला. "मग वाचलं थोडं." मी त्याला गोव्याचं विचारलं. तर १५१० मध्ये अल्बुकर्कनं आदिलशहाकडून गोवा घेतलं त्यात अरबी घोड्यांच्या आयातीवरच्या उत्पन्नाचा किती मोठा वाटा होता, यावर त्यानं मला आमटी गार होईपर्यंत सुनावलं. मिरी नाही, घोडे! आणि हा माणूस सेकंड इयरला मॅथ्स-थ्रीमध्ये केटी घेऊन बसलाय.

मी त्याला म्हणालो, तुझंही उत्तर पूर्ण नव्हतं हं, नुसतं सोनं म्हणालास. तो म्हणाला, "दादा, तीस सेकंदात अजून काय सांगणार?"

दहा गुण ए ब्लॉकला द्यावेत असा लेखी अर्ज मी जिमखान्याकडं दिला आहे. रेक्टर सरांनी तो दोनदा वाचला, शेवटी आकड्यांना उजळणी दिली आणि सहा महिने शील्ड इकडं, सहा महिने तिकडं, असा शेरा मारला. सी ब्लॉकवाले अजून द्यायला तयार नाहीत. त्यांचं म्हणणं, क्विझमास्तरचा निर्णय अंतिम असतो.